हुकलेले कॉल आणि व्हॉइसमेलची शिवाशिवी: लहान कार्यालयाने फोनची व्यवस्था कशी लावावी?

शिसपेन्सिल | सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार. आम्ही सात जण मिळून वजनकाटे आणि मोजमापाची इतर उपकरणे दुरुस्त करण्याचे काम करतो. एक मुख्य क्रमांक आहे, त्यामागे दोन लाइन आहेत, सातही टेबलांवर एकेक फोन आहे, आणि कोणीच उचलला नाही तर कॉल व्हॉइसमेलवर जातो. कागदावर हे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात काय होते, ते एका प्रसंगावरून सांगतो.

एका ग्राहकाला एवढेच विचारायचे होते की काटा दुरुस्तीला पाठवताना पारडे काढून वेगळे गुंडाळावे की जागेवर ठेवूनच पाठवावे. सोमवारी त्यांनी फोन केला तेव्हा मी आत कामात होतो. त्यांनी "कृपया फोन करा" एवढाच निरोप ठेवला. दुपारी मी फोन केला तर ते बैठकीत होते, म्हणून मीही "आपला निरोप मिळाला, फोन करावा" असा निरोप ठेवला. मंगळवारी त्यांनी पुन्हा फोन केला तेव्हा आमच्या दोन्ही लाइन चालू होत्या. बुधवारी माझा कॉल अनोळखी क्रमांक म्हणून त्यांनी उचललाच नाही. गुरुवारी कंटाळून त्यांनी काटा पारड्यासकट पाठवून दिला. पारडे ज्या दांड्यावर बसते तो वाटेत वाकला, आणि साफसफाई व जुळवणीपुरते असलेले काम सुटा भाग मागवण्यापर्यंत गेले. हा सगळा क्रम मला त्यानंतर, अर्थातच फोनवर, कळला.

चार दिवसांत दोघांचे मिळून चार कॉल झाले आणि मूळ प्रश्न एकाही कॉलमध्ये उच्चारला गेला नाही. शिवाशिवीच्या खेळात जसे "आता राज्य तुझ्यावर" म्हणून पळतात, तेवढेच आम्ही एकमेकांना कळवत होतो.

आता प्रश्न असा आहे की लाइन वाढवावी, नवी प्रणाली घ्यावी, कॉल मोबाइलवर वळवावेत, की व्हॉइसमेल बंदच करावा? ज्यांनी यांपैकी काही करून पाहिले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

पहाटवारा | सोमवार, सकाळी १०:१५

काहीही विकत घेण्याआधी कॉलची नोंदवही काढा. जवळजवळ प्रत्येक प्रणालीत प्रत्येक कॉलची वेळ, किती सेकंद वाजला, कोणी उचलला आणि कसा संपला याची नोंद असते. "कॉल हुकला" या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळे आजार आहेत. लाइन व्यग्र असल्यामुळे कॉल आत आलाच नाही, हा पहिला. वाजला पण कोणी उचलला नाही, हा दुसरा. तिसऱ्यात फोन वाजायला हवा होता, पण तो वाजलाच नाही. चौथ्यात "अमुकसाठी एक दाबा" ऐकता ऐकता माणसाने स्वतःच फोन ठेवला. पहिल्यावर लाइन वाढवणे हा उपाय आहे, पण दुसऱ्यावर तोच उपाय केला तर एकाच वेळी जास्त फोन वाजत राहतील आणि जास्त न उचलले जातील.

मोजताना आणखी एक काळजी घ्यावी. एकाच माणसाने पाच वेळा प्रयत्न केला तर नोंदवहीत पाच हुकलेले कॉल दिसतात. तेव्हा कॉल मोजण्याऐवजी माणसे मोजा, आणि त्यांतील किती जणांशी त्याच दिवशी बोलणे झाले ते पाहा.

अर्धविराम | सोमवार, सकाळी १०:३२

मी एका कार्यालयाला सलग तीन दिवस फोन केला आणि तिन्ही दिवस एका अत्यंत मृदू आवाजाने मला सांगितले की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, परंतु निरोपपेटी भरलेली आहे." माझ्यासारखे महत्त्वाचे लोक आधीच इतके झाले होते, हे ऐकून बरे वाटले.

गणितीकिडा | सोमवार, दुपारी १२:०५

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचे गणितही तितकेच जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ॲग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली लाइन किती असल्या म्हणजे किती कॉल वाया जातील याचे सूत्र दिले. वर्दळ मोजण्याच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे. एका तासात एकूण एक तासाचे बोलणे झाले तर ती १ एरलांग वर्दळ.

धागाकर्त्यांच्या कार्यालयात गर्दीच्या तासात येणारे आणि जाणारे मिळून २० कॉल होतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा असतो असे धरू. म्हणजे ६० मिनिटे, अर्थात १ एरलांग. दोन लाइनची मिळून क्षमता त्या तासात १२० मिनिटांची आहे, तेव्हा निम्मी जागा रिकामी राहील आणि अडचण येणार नाही असे कोणालाही वाटेल. पण कॉल रांगेत उभे राहून एकामागून एक येत नाहीत, ते झुंडीने येतात. सूत्राने उत्तर येते ते असे: दोन लाइनवर दर शंभरांतले २० कॉल परत जातील, तीन लाइनवर साधारण ६ आणि चार लाइनवर दीड. दोनावरून तीनवर जाताना जो फरक पडतो तो चारानंतर दिसत नाही, म्हणून उगाच दहा लाइन घेण्यातही अर्थ नाही.

कॉल परत न पाठवता रांगेत थांबवला तर गणित वेगळे होते. याच वर्दळीला फोन उचलणारी दोन माणसे असतील तर सरासरी एक मिनिट थांबावे लागते. तिसरा माणूस आला की तीच सरासरी ८ सेकंदांवर येते. आणि एकटाच माणूस असेल तर रांग वाढतच जाते. मात्र थांबलेला माणूसही एक लाइन अडवून बसलेला असतो, त्यामुळे रांग ठेवायची असेल तर माणसांपेक्षा लाइन जास्त लागतात.

सरळरेषा | सोमवार, दुपारी १२:४०

गणित सुंदर आहे, पण दोन गोष्टी त्यात येत नाहीत. ज्याला लाइन व्यग्र मिळते तो शांतपणे निघून जातो असे हे सूत्र धरते. खरा माणूस लगेच पुन्हा क्रमांक फिरवतो, त्यामुळे वर्दळ आणखी फुगते. दुसरे असे की फोन ठेवल्यावर नोंद करायला आणि कागद शोधायला दोन मिनिटे जातात. त्या वेळात लाइन मोकळी असली तरी माणूस मोकळा नसतो.

माझे मत विचाराल तर व्हॉइसमेल सरळ बंद करावा. निरोप ठेवला की करणाऱ्याला वाटते आपले काम झाले, आणि ऐकणाऱ्याला वाटते ऐकले म्हणजे काम झाले. दोघेही निश्चिंत होतात आणि काम तिथेच राहते. त्याऐवजी लेखी संदेश पाठवण्याची सोय द्यावी.

गणितीकिडा | सोमवार, दुपारी १:१०

दोन्ही आक्षेप मान्य आहेत. पुन्हा क्रमांक फिरवणाऱ्यांमुळे प्रत्यक्ष परिस्थिती माझ्या आकड्यांपेक्षा वाईट असेल, चांगली नसेल. नोंदीची दोन मिनिटे मात्र हिशेबात घेता येतात: माणसे मोजताना कॉलची लांबी ३ ऐवजी ५ मिनिटे धरायची आणि लाइन मोजताना ३च धरायची.

कानसेन | सोमवार, दुपारी ३:२०

नाव कानसेन असले तरी मला एका कानाने कमी ऐकू येते, म्हणून सरळरेषा यांच्या मताला थोडा विरोध नोंदवतो. थेट कॉलमध्ये समोरच्याने पत्ता भरभर सांगितला तर मला तीनदा विचारावे लागते आणि संकोच वाटतो. निरोप मात्र मी शांतपणे हवा तितक्या वेळा ऐकू शकतो. शिवाय सगळ्यांनाच लिहून पाठवणे सोयीचे नसते: हात कामात असतात, डोळे साथ देत नाहीत, किंवा लिहिण्याची सवय नसते.

आवाजाचे आपोआप अक्षरांत रूपांतर करणारी सोय चाळण्यापुरती चांगली आहे, पण नेमक्या नावांत आणि आकड्यांतच ती चुकते. माझ्याकडे आलेल्या एका निरोपात "नऊ वाजता" चे "नको आता" झाले होते आणि मी त्या माणसाला दिवसभर फोन केला नाही. तेव्हा अक्षरे वाचून तातडी ठरवावी, पण क्रमांक फिरवण्याआधी मूळ आवाज ऐकावा.

काउंटरमागून | सोमवार, संध्याकाळी ६:५०

मी अकरा वर्षे एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात फोन सांभाळते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे पूर्वी तिघींच्या टेबलांवर तीन निरोपपेट्या होत्या आणि शिवाय एक सामाईक पेटी होती. एका सकाळी सामाईक पेटीतला एकच निरोप ऐकून आम्ही तिघींनी वीस मिनिटांच्या आत एकाच रुग्णाला फोन केला. तिसऱ्या फोनला ते घाबरले. त्यांना वाटले की तपासणीच्या अहवालात काहीतरी गंभीर निघाले आहे. त्याच दिवशी दुसऱ्या एका बाईंना कोणीच फोन केला नाही, कारण प्रत्येकीला वाटले की दुसरीने केला असेल. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. राज्य कोणावर आहे हेच ठरलेले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. आता ती संगणकावर आहे, पण रकाने तेच आहेत: वेळ, नाव, क्रमांक, काय विचारायचे आहे, कोणी घेतले, काय झाले. "कोणी घेतले" या रकान्यात आद्याक्षर पडल्याशिवाय कोणी परत फोन करायचा नाही, आणि एकदा आद्याक्षर पडले की तो कॉल शेवटपर्यंत तिचाच. रजेवर जाताना आपली राहिलेली नावे दुसरीच्या समोर बसून तिच्याकडे द्यायची. वही पाहण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि संध्याकाळी शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ राहिली तर फळा पुसत नाही, असा आमचा शब्दप्रयोग आहे. फळा कुठेच नाही, पण शब्द राहिला.

दुसरा बदल व्हॉइसमेलच्या सुरुवातीच्या बोलण्यात केला. "आपले नाव आणि क्रमांक सांगा" असे सांगितले की लोक तेवढेच सांगतात, आणि मग परत फोन केल्यावर पहिल्यापासून सुरुवात होते. आता आमचे ध्वनिमुद्रण असे म्हणते: "आपले नाव, क्रमांक दोनदा, आणि आपल्याला नेमके काय विचारायचे आहे ते सांगा. आम्ही दुपारी तीन ते चार या वेळेत फोन करू. ती वेळ सोयीची नसेल तर सोयीची वेळ सांगा." प्रश्न आधी कळला की उत्तर शोधूनच फोन करता येतो, आणि तरीही ती व्यक्ती भेटली नाही तर साधे उत्तर निरोपातच ठेवता येते. (दवाखान्यात खासगी माहिती अशी ठेवता येत नाही, पण पारडे काढावे की ठेवावे हे नक्कीच ठेवता येईल.) शिसपेन्सिल, तुमच्या पहिल्या निरोपात "फोन करा" ऐवजी "आपला प्रश्न निरोपात सांगितलात तर उत्तरही निरोपात ठेवू" एवढे असते तर दांडा वाचला असता, असे मला वाटते.

गणितीकिडा | सोमवार, संध्याकाळी ७:१५

तीन ते चार ही वेळ मुद्दाम निवडली असेल तर दाद दिली पाहिजे. परत करायचे फोनही त्याच लाइन अडवतात. सकाळच्या गर्दीत राहिलेले फोन करायला बसलो की नवे येणारे परत जातात आणि उद्याचे राहिलेले फोन आजच तयार होतात.

काउंटरमागून | सोमवार, संध्याकाळी ७:३०

मुद्दाम नव्हती. त्या वेळी डॉक्टर जेवून आलेले असतात, म्हणून. पण तुमचे कारण जास्त चांगले आहे, यापुढे तेच सांगेन.

तारयंत्री | मंगळवार, सकाळी ८:५५

मी अशा प्रणाली बसवण्याचे काम करतो. पहाटवारा यांच्या तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे फोन वाजलाच नाही या प्रकाराकडे, लोकांचे लक्ष जात नाही, कारण न वाजलेला फोन तक्रार करत नाही. दोन कारणे मला वारंवार सापडतात.

पहिले कारण राउटरचे. इंटरनेटवरून चालणारा टेबलफोन ठरावीक काळाने केंद्राला "मी इथे आहे" अशी नोंदणी कळवतो. हा काळ पुष्कळदा ३६०० सेकंद, म्हणजे एक तास ठेवलेला असतो. मधला राउटर मात्र बाहेरून आत येण्याची ती वाट काही काळ शांतता राहिली की विसरतो. काही राउटर तर मिनिटभरातच विसरतात. मग केंद्राच्या लेखी फोन जागेवर आहे, केंद्र हाक मारते, आणि हाक राउटरच्या दारातच संपते. बाहेर फोन करता येतो, त्यामुळे कोणालाही संशय येत नाही. आणि बाहेर फोन केला की वाट पुन्हा उघडते, त्यामुळे लगेच तपासून पाहिले तर सगळे ठीक दिसते! खरी परीक्षा अशी: फोन अर्धा तास अजिबात न हात लावता ठेवा आणि मग बाहेरून त्या एक्स्टेंशनला फोन करा. उपाय सोपा आहे. दर पंचवीस-तीस सेकंदांनी एक रिकामा संदेश पाठवत राहण्याची सोय जवळपास प्रत्येक फोनमध्ये असते, ती चालू करावी. राउटरमध्ये "एसआयपी एएलजी" नावाची मदतनीस सोय चालू असेल तर ती बंद करावी. तिच्या मदतीने बिघडलेल्या जोडण्या मी अधिक पाहिल्या आहेत.

दुसरे कारण मोबाइलचे आहे आणि धागाकर्ते त्याच वाटेने निघाले आहेत, म्हणून आधीच सांगतो. मुख्य क्रमांकावर कॉल आला की सगळे टेबलफोन आणि दोघातिघांचे मोबाइल एकदम वाजवायचे, ही मांडणी अनेकांना आवडते. त्यांतील एक मोबाइल बंद असला की त्याचा स्वतःचा व्हॉइसमेल पहिल्या सेकंदाला "उचलतो". कार्यालयाच्या प्रणालीला वाटते की माणसाने उचलले. ती बाकीचे फोन वाजवणे थांबवते. एका ठिकाणी गोदामातल्या माणसाचा मोबाइल रोज दुपारी चार्जिंगला बंद असायचा, आणि त्या वेळेतले कार्यालयाचे सगळे कॉल त्याच्या खासगी निरोपपेटीत साठले होते. त्याने ती कधी उघडलीच नव्हती. नोंदवहीत ते सगळे कॉल "उचलले" म्हणून हिरव्या रंगात होते. मोबाइलवर वळवलेला कॉल "स्वीकारण्यासाठी एक दाबा" असे विचारल्याशिवाय जोडू नये. व्हॉइसमेलला बोट नसते.

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ९:१०

शेवटचे वाक्य मी सुविचार म्हणून भिंतीवर लावत आहे.

रानवाटा | मंगळवार, सकाळी ११:३०

मोबाइलच्या बाजूने थोडी भर घालतो. कॉल किती वेळ वाजल्यावर दुसरीकडे वळावा हे जीएसएम प्रकारच्या जोडणीत स्वतःला ठरवता येते. **६१* नंतर ज्यावर वळवायचा तो क्रमांक, मग *११*, मग सेकंद आणि शेवटी # असे फिरवायचे. सेकंद ५ ते ३० या दरम्यान पाचाच्या पटीत चालतात. सध्या काय ठरवले आहे ते *#६१# ने कळते आणि सगळी वळणे ##००२# ने रद्द होतात. खिशातून फोन काढून चष्मा लावेपर्यंत कॉल व्हॉइसमेलवर जात असेल तर वेळ ३० करून पाहावी. मात्र **२१* ने सुरू होणारा संकेत सगळेच कॉल वळवतो. कोणा अनोळखी माणसाने फोनवर तो फिरवायला सांगितला तर अजिबात फिरवू नये, तुमचे कॉल त्याच्याकडे जातील.

धागाकर्त्यांच्या ग्राहकाने अनोळखी क्रमांक उचलला नाही, हे आता नेहमीचे झाले आहे. आयफोनमध्ये २०१९ पासून अनोळखी कॉल न वाजवता थेट व्हॉइसमेलवर पाठवण्याची सोय आहे, त्यामुळे कदाचित त्यांचा फोन वाजलाही नसेल. "व्यत्यय नको" चालू असताना दुसऱ्यांदा लगेच केलेला कॉल वाजू देण्याचीही एक सोय असते: आयफोनमध्ये दुसरा कॉल तीन मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत. म्हणून खरोखर तातडी असेल तर एकदा करून सोडून न देता लगेच दुसऱ्यांदा करावा.

पहाटवारा | मंगळवार, दुपारी १२:००

यावरून आठवले. तुमच्या टेबलावरून बाहेर गेलेल्या कॉलवर समोर कोणता क्रमांक दिसतो, हे एकदा स्वतःच्या मोबाइलवर फोन करून पाहा. अनेक ठिकाणी मुख्य क्रमांकाऐवजी त्या लाइनचा वेगळाच क्रमांक दिसतो. ग्राहकाने मुख्य क्रमांक जतन केला असला तरी तुम्ही त्याच्यासाठी अनोळखीच राहता, आणि त्याने त्या दिसलेल्या क्रमांकावर परत फोन केला तर तो भलत्याच ठिकाणी वाजतो.

जुनीचावी | मंगळवार, दुपारी २:४५

विषयाला धरूनच थोडा इतिहास सांगतो. आपोआप जोडणी करणारे टेलिफोन केंद्र शोधले ते अल्मन स्ट्राउजर या गृहस्थांनी. त्यांचे पेटंट १८९१ चे आहे आणि त्या पद्धतीचे पहिले केंद्र १८९२ साली अमेरिकेत ला पोर्ट येथे सुरू झाले. व्यवसायाने ते अंत्यविधीची व्यवस्था करणारे होते. असे सांगतात की त्यांच्या गावातली टेलिफोन जोडून देणारी बाई प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातली होती आणि त्यांना आलेले कॉल तिकडे जोडत असे. कथा कितपत खरी ते सोडा, पण हुकलेल्या कॉलच्या संतापातून माणूस थेट केंद्र शोधण्यापर्यंत जाऊ शकतो हे पटण्यासारखे आहे.

सरळरेषा | मंगळवार, दुपारी ३:०५

त्यांच्या ग्राहकांना निदान घाई नव्हती.

मूळ मुद्द्याकडे येतो. काउंटरमागून यांचा प्रतिसाद वाचून मी माझे मत थोडे बदलतो. व्हॉइसमेल एका माणसाच्या टेबलावर नसावा. कार्यालयाचा एकच असावा आणि त्याला वही जोडलेली असावी. टेबलावरच्या सात पेट्या बंद कराव्यात, यावर मात्र ठाम आहे.

शिसपेन्सिल | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, सायंकाळी ५:२०

सर्वांचे आभार. इतके दिवस लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे होते.

पहिला धक्का नोंदवहीने दिला. आमच्या प्रणालीत व्यग्र मिळालेला एकही कॉल नव्हता, आणि मी क्षणभर खूश झालो. मग लक्षात आले की दोन्ही लाइन भरलेल्या असताना तिसरा कॉल आमच्यापर्यंत पोहोचतच नाही, तर नोंद कशी होणार? तो आकडा लाइन देणाऱ्या कंपनीकडून मागून घ्यावा लागला. एका आठवड्यात एकूण ५८ कॉल हुकले होते आणि त्यांतले २६ व्यग्र मिळाल्यामुळे, बहुतेक सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेतले. पहाटवारांच्या सांगण्याप्रमाणे माणसे मोजली तर ती ३४ निघाली. एका सद्गृहस्थांनी एकट्याने नऊ वेळा प्रयत्न केला होता. त्यांना मी स्वतः फोन केला. पहिल्याच प्रयत्नात लागला, याचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

तारयंत्री यांची अर्ध्या तासाची परीक्षा सातही फोनवर घेतली. मागच्या खोलीतला एक फोन वाजला नाही. तिथे बसणारा आमचा सहकारी शांतता आवडते म्हणून तीच जागा धरून होता! आता ती शांतता गेली आहे आणि तो माझ्याशी जरा कमी बोलतो.

लाइन दोनाच्या चार केल्या. एकदम सातही फोन वाजवण्याऐवजी आधी पुढचे तीन वाजतात आणि पंधरा सेकंदांनी बाकीचे. सगळे एकदम वाजत असताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर बसत होता. टेबलावरच्या पेट्या बंद केल्या, एकच पेटी ठेवली, आणि काउंटरमागून यांची वही रकान्यांसकट उचलली. परत करायचे फोन दुपारी अडीचनंतर. मोबाइलवर कॉल वळवलेलेच नाहीत.

ध्वनिमुद्रण माझ्या आवाजात आहे आणि त्यात शेवटी एक वाक्य जोडले आहे: "काटा पाठवत असाल तर पारडे काढून वेगळे गुंडाळावे." पहिल्याच आठवड्यात दोन कॉल असे आले की हे वाक्य संपल्यावर लोकांनी निरोप न ठेवता फोन ठेवला. नोंदवहीत ते "हुकलेले" म्हणून लाल आहेत. दोघांचेही काटे वेळेवर आले, आणि पारडी वेगळी गुंडाळलेली होती.

मागच्या आठवड्यात हुकलेले कॉल १७ होते आणि वहीतली एकच ओळ दुसऱ्या दिवशीवर गेली.

सरळरेषा | शुक्रवार, सायंकाळी ५:४५

लाइन आणि वही एकाच वेळी बदलल्यामुळे नेमका कशाचा किती परिणाम झाला हे आता कळणार नाही, एवढी तक्रार नोंदवून ठेवतो.

शिसपेन्सिल | शुक्रवार, सायंकाळी ५:५८

तक्रार योग्य आहे. व्यग्र मिळालेले कॉल २६ वरून दोनवर आले, ते लाइनमुळे हे नक्की. पण शिवाशिवी थांबली ती वहीमुळे, असे माझे मत आहे. कारण जुन्या प्रसंगातल्या चार कॉलपैकी एकच व्यग्र लाइनमुळे हुकला होता.

एक शंका उरली आहे. पुढच्या टेबलावर कोणी फोन उचलला तरी बाकीच्या वाजलेल्या फोनच्या पडद्यांवर तो "हुकलेला कॉल" म्हणून दिसतो. काल तिघांनी मिळून एका बोलून झालेल्या ग्राहकाला परत फोन करायला हात घातला होता; वहीत आद्याक्षर दिसले म्हणून थांबले.

तारयंत्री | शुक्रवार, रात्री ८:१०

बाकीच्या फोनची रिंग थांबवताना "हा कॉल दुसरीकडे उचलला गेला" असे कारण सोबत पाठवण्याची सोय प्रणालीत असते. ते कारण आले की फोन त्याची हुकलेल्यांत गणना करत नाही. तुमच्या प्रणालीत ती सोय बंद असणार. गटाच्या मांडणीत, जिथे पंधरा सेकंदांचा आकडा घातलात त्याच पानावर खाली पाहा. तिथे नसेल तर फोनच्या स्वतःच्या मांडणीत हुकलेले कॉल दाखवणेच बंद करा. वही असताना पडद्याची गरज नाही.

शिसपेन्सिल | शनिवार, सकाळी ९:०५

त्याच पानावर, सगळ्यात खाली होती. सहा फोनवर चालली. मागच्या खोलीतला फोन अजूनही दाखवतो, पण तिथल्या सहकाऱ्याला सध्या आणखी काही सांगण्याची माझी हिंमत नाही.